समतोलाचे तापमान : चुनाभट्टीपासून खताच्या कारखान्यापर्यंत

(विज्ञान मंडळाच्या सभेत पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारावीच्या रसायनशास्त्रात दोन ओळींचे एक गणित असते. एखाद्या अभिक्रियेच्या एन्थाल्पीतील बदल दिलेला असतो, एन्ट्रॉपीतील बदल दिलेला असतो, आणि ही अभिक्रिया कोणत्या तापमानाला समतोलात येईल असे विचारलेले असते. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचे, उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या, की गुण पदरात पडले. विद्यार्थ्यांना हे गणित आवडते, कारण ते सोपे आहे. माझी तक्रार नेमकी तीच आहे. ते इतके सोपे आहे की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची गरजच कोणाला भासत नाही.

एका सराव परीक्षेतील उत्तरपत्रिकेची हकिकत सांगतो. प्रश्न चुनखडीच्या विघटनाचा होता. विद्यार्थ्याने भागाकार बिनचूक केला आणि उत्तर लिहिले, १.११ केल्व्हिन. म्हणजे शून्याखाली सुमारे २७२ अंश सेल्सिअस! आता संगमरवर आणि चुनखडी ही एकाच घरची भावंडे. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. हे उत्तर खरे असते तर मकराण्याच्या खाणीतला संगमरवर आग्र्याला पोचण्याआधीच भुगा होऊन गेला असता, आणि ताजमहाल शाहजहानच्या मनातच राहिला असता. चूक होती ती एवढीच, की एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये देतात आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये. त्या हजाराचा हिशेब राहून गेला. मुलगा हुशार होता. एकक विसरणे हा काही गुन्हा नव्हे. पण १.११ हा आकडा कागदावर उतरल्यावरही त्याला तो खटकला नाही, याचे मला वाईट वाटले. दगड कधी भाजला जातो हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. आपण लिहिलेला आकडा आणि जगातला दगड यांचा काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

तो संबंध सांगण्यासाठीच आजचे हे व्याख्यान आहे. पालकांनी घाबरू नये. त्यांना जमाखर्च कळतो, तेवढे पुरे आहे.

ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असे गणित प्रथम करू. पाणी कोणत्या तापमानाला उकळते? शंभर अंश, हे लहान मूलही सांगेल. आता पुस्तकातील कोष्टक उघडा. एक मोल, म्हणजे १८ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ४४.० किलोज्यूल उष्णता लागते. ही झाली एन्थाल्पीतील वाढ. एन्ट्रॉपी पाण्याची ६९.९ आणि वाफेची १८८.८ ज्यूल प्रति केल्व्हिन. वाढ झाली ११८.९. आता ४४,००० ला ११८.९ ने भागा. उत्तर येते ३७० केल्व्हिन, म्हणजे ९७ अंश सेल्सिअस. चुलीजवळही न जाता, निव्वळ दोन आकड्यांवरून आपण पाण्याच्या उत्कलनबिंदूपासून तीन अंशांवर येऊन पोचलो! हे तीन अंश कोठे गेले ते पुढे पाहू. पण हा भागाकार म्हणजे पोकळ सूत्र नाही, एवढी खात्री तुम्हाला आता वाटायला हरकत नाही.

आता हे दोन आकडे म्हणजे आहेत तरी काय? एन्थाल्पीतील बदल समजायला सोपा आहे : स्थिर दाबाखाली अभिक्रियेने किती उष्णता घेतली किंवा दिली, तो हा हिशेब. एन्ट्रॉपीचे मात्र आपण हाल केले आहेत. 'एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था' असे वर्गात सांगून मोकळे होतात, आणि मुले पसरलेल्या खोलीचे चित्र डोळ्यांपुढे आणतात. त्यापेक्षा असे समजा की पदार्थातील ऊर्जा त्याच्या कणांमध्ये किती निरनिराळ्या रीतींनी वाटली जाऊ शकते, याचे एन्ट्रॉपी हे माप आहे. घन पदार्थातील कण आपापल्या जागी जखडलेले. त्यांना वाटण्याच्या रीती कमी. वायूचे कण मोकळे. त्यांना रीती अगणित. म्हणूनच चुनखडीच्या एका मोलची एन्ट्रॉपी ९२.९ आहे, तर कार्बन डायऑक्साइड वायूची २१३.७. ज्या अभिक्रियेत घनापासून वायू सुटतो तिथे एन्ट्रॉपी भराभर वाढते, एवढे ध्यानात ठेवले तर अर्धी लढाई जिंकली. हा शब्द रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ साली बनवला. आणि निसर्गाचा नियम असा की कोणतीही घटना आपोआप घडायची, तर ती वस्तू आणि तिचा परिसर या दोहोंची मिळून एन्ट्रॉपी वाढली पाहिजे. एकट्या वस्तूची नव्हे. दोहोंची मिळून. सारी गोम या शब्दांत आहे.

आता चला चुनाभट्टीवर. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करण्याची रीत फार जुनी आहे. शिंपल्यांचा आणि जळणाचा थर एकावर एक रचून भट्टी लावत, मग तो चुना विरवून घाणीत मळत, आणि त्यावर घरे, मशिदी, विहिरी, किल्ल्यांचे तट उभे राहत. शिंपली असो वा चुनखडी, भट्टीत घडते ते एकच : कॅल्शियम कार्बोनेटचे कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, होतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. यासाठी प्रत्येक मोलमागे १७८.३ किलोज्यूल उष्णता लागते. एन्ट्रॉपीचा हिशेब असा : चुन्याची ३९.८ अधिक वायूची २१३.७, त्यातून चुनखडीची ९२.९ वजा, राहिले १६०.६ ज्यूल प्रति केल्व्हिन.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू कोणती? भट्टीतील दगड १७८.३ किलोज्यूल उष्णता परिसरातून ओढून घेतो. परिसराची ऊर्जा घटली म्हणजे त्याची एन्ट्रॉपीही घटली. किती घटली? इथेच तापमान हिशेबात येते. घेतलेल्या उष्णतेला परिसराच्या तापमानाने भागायचे, म्हणजे घट मिळते. भागायचे का? एक व्यवहारातले उदाहरण घ्या. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या खिशातून शंभर रुपये गेले तर त्या दिवशी त्याच्या घरातली घडी विस्कटते. तेच शंभर रुपये मोठ्या पेढीच्या गल्ल्यातून गेले तर संध्याकाळी हिशेब लावतानाच काय ते लक्षात येईल. रक्कम तीच, फटका वेगळा. थंड परिसर हा गरीब आहे, तप्त परिसर श्रीमंत. तेवढीच उष्णता थंड परिसरातून काढली तर नुकसान मोठे, तप्त परिसरातून काढली तर थोडे.

आता आकडे मांडा. खोलीच्या तापमानाला, म्हणजे २९८ केल्व्हिनला, परिसराचे नुकसान १,७८,३०० भागिले २९८, म्हणजे सुमारे ५९८. जमा फक्त १६०.६. व्यवहार तोट्यात, म्हणून संगमरवर शेकडो वर्षे संगमरवरच राहतो. भट्टी तापवून १००० अंश सेल्सिअसवर, म्हणजे १२७३ केल्व्हिनवर न्या. नुकसान उतरून १४० झाले. जमा १६०.६ तशीच. आता व्यवहार फायद्यात आला आणि दगड आपण होऊन फुटू लागला. या दोहोंच्या मध्ये असे एक तापमान असणारच, जिथे नुकसान आणि जमा तंतोतंत सारखी भरेल. ते कोणते? ज्या तापमानाने १,७८,३०० ला भागल्यास १६०.६ मिळतील ते. म्हणजेच १,७८,३०० भागिले १६०.६. उत्तर १११० केल्व्हिन, ८३७ अंश सेल्सिअस. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही पाठ केलेले सूत्र ते हेच. ते आकाशातून पडलेले नाही. वहीच्या दोन्ही बाजू जुळवल्या की ते आपोआप हाती येते.

पुस्तकात हीच गोष्ट गिब्ज ऊर्जेच्या भाषेत मांडतात : डेल्टा जी बरोबर डेल्टा एच वजा टी गुणिले डेल्टा एस, आणि समतोलात डेल्टा जी शून्य. ती मांडणी अधिक सोयीची आहे, कारण तिच्यात परिसराचा वेगळा विचार करावा लागत नाही. जोसाया विलार्ड गिब्ज हे अमेरिकेतील येल येथे १८७१ साली प्राध्यापक झाले आणि १८८० पर्यंत त्यांनी तिथे बिनपगारी काम केले. साऱ्या जगातले रासायनिक कारखाने ज्याच्या समीकरणांवर चालतात, तो माणूस नऊ वर्षे वडिलोपार्जित पैशावर राहून शिकवत होता. 'हे शिकून पगार किती मिळणार' हा प्रश्न पालकांनी अवश्य विचारावा, तो रास्तच आहे. पण तो एकटाच प्रश्न नसावा, इतकेच मी म्हणेन.

आता त्या ८३७ अंशांविषयी थोडे बारकाईने बोलू, कारण खरी मौज इथेच आहे. भट्टीवरचा जाणकार म्हणेल, 'सर, तुमचे गणित थोडे कमी पडते.' आणि तो बरोबर असेल. प्रयोगशाळेत मोजले तर चुनखडीतून निघणाऱ्या वायूचा दाब एक वातावरण इतका भरतो तो जवळपास ९०० अंशांना. आपले उत्तर साठेक अंशांनी खाली आले. कारण असे की कोष्टकातले आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत. पदार्थ तापत गेला की त्याची एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपीही बदलत जाते. या अभिक्रियेत वरच्या तापमानाला दोन्ही बदल थोडे कमी भरतात, आणि भागाकार सरकतो. पाण्याचे हरवलेले तीन अंशही याच कारणाने हरवले होते. ते आकडे २५ अंशांवरचे घेतले म्हणून ९७ आले. शंभर अंशांवरचे घेतले असते तर शंभरच आले असते. तेव्हा हे सूत्र अंदाज देते, उत्तम अंदाज देते, पण अंदाजच. (जाता जाता : निरनिराळ्या पुस्तकांतल्या कोष्टकांत शेवटचा अंक वेगळा असतो आणि उत्तर दहा-बारा अंशांनी इकडेतिकडे होते. त्यावरून शिक्षकांशी वाद घालत बसू नये.)

दुसरी गोष्ट दाबाची. आपण काढलेले तापमान हे वायूचा दाब एक वातावरण असताना समतोल साधणारे तापमान आहे. दाब बदलला की तेही बदलते. हे तुम्हाला स्वयंपाकघरातून ठाऊक आहे : कुकरमध्ये दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, तिथे ते शंभराच्या चार-पाच अंश खालीच उकळते. चुनखडीचेही तसेच. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड फार विरळ आहे, सुमारे ०.०४ टक्के. तेवढाच दाब धरून हिशेब केला तर समतोलाचे तापमान ८३७ वरून ५२० अंशांच्या आसपास उतरते. म्हणून भट्टीत वारा खेळता हवा, निघालेला वायू वाहून गेला पाहिजे. तो कोंडला तर दगड फुटायला अधिक उष्णता मागतो. भट्टीचे तोंड कसे ठेवावे आणि वारा कोठून घ्यावा हे जुन्या लोकांना अनुभवाने कळत होते. त्यांनी एन्ट्रॉपीचे नाव ऐकले नव्हते, एवढाच फरक.

मग भट्टी ५२० अंशांवर ठेवून जळण वाचवता येईल का? नाही. समतोलाचे तापमान फक्त दिशा सांगते, वेग सांगत नाही. ५२० अंशांच्या थोडे वर व्यवहार फायद्यात आहे खरा, पण तो इतक्या सावकाश चालेल की भट्टी लावणाऱ्याची वाट पाहून दमछाक होईल. म्हणून प्रत्यक्षात ९०० च्या वर भट्टी नेतात. आणि फार वर नेली तर चुना जास्त भाजला जातो, घट्ट होतो आणि नीट विरत नाही. खालच्या बाजूला समतोल आणि वेग यांची मर्यादा, वरच्या बाजूला मालाच्या खराबीची. त्या दोहोंमधल्या पट्ट्यात चुनेवाल्याचे पोट. एक टन शुद्ध चुनखडीतून ५६० किलो चुना मिळतो आणि ४४० किलो वायू हवेत जातो, शिवाय जळणाचा धूर वेगळा. सिमेंटच्या कारखान्यातही हीच अभिक्रिया चालते. कोळसा सोडून विजेवर भट्टी तापवली तरी दगडातून सुटणारे हे ४४० किलो चुकत नाहीत. हवामानाविषयीच्या आजच्या चर्चेत सिमेंटचे नाव वारंवार निघते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. अमोनिया. नायट्रोजनचा एक भाग आणि हायड्रोजनचे तीन भाग मिळून अमोनियाचे दोन भाग होतात. यात ९२.२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे परिसराला जमा. पण वायूच्या चार मोलांचे दोनच राहतात, म्हणून अभिक्रियेची स्वतःची एन्ट्रॉपी १९८.७ ने घटते. इथे वही उलटी झाली : परिसर कमावतो, अभिक्रिया गमावते. भागाकार तोच, ९२,२०० भागिले १९८.७, उत्तर ४६४ केल्व्हिन, म्हणजे १९१ अंश सेल्सिअस. परंतु अर्थ उलटा! चुनखडी त्या तापमानाच्या वर फुटते. अमोनिया त्या तापमानाच्या खाली तयार होतो. श्रीमंताला शंभर रुपये दिले तर त्याला काय कौतुक? परिसर जितका तप्त, तितकी दिलेल्या उष्णतेची किंमत कमी. सूत्र दोन्हीकडे एकच उत्तर देते; वर की खाली, हे चिन्हे पाहून तुम्हालाच ठरवायचे असते. परीक्षेत पुष्कळ मुले इथेच घसरतात.

अमोनियाची अडचण अशी की १९१ अंशांच्या खाली व्यवहार फायद्याचा, पण तिथे तो चालायलाच तयार नाही. नायट्रोजनच्या रेणूतील तिहेरी बंध इतका बळकट आहे की तो तोडायला भरपूर उष्णता हवी; उष्णता दिली की समतोल विरुद्ध बाजूला झुकतो. लोखंडाचे उत्प्रेरक वापरले तरी ४०० ते ५०० अंश लागतात. ४५० अंशांना, म्हणजे ७२३ केल्व्हिनला, परिसराची जमा केवळ १२७.५ आणि नुकसान १९८.७. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठमोठे शास्त्रज्ञ या पेचात सापडले होते. फ्रान्समधील ल शातेलिए यांनी १९०१ साली दाब वाढवून पाहिला, पण उपकरणात स्फोट झाला आणि त्यांनी तो नाद सोडला. जर्मनीत वाल्थर नेर्न्स्ट आणि फ्रिट्झ हाबर यांच्यात याच समतोलाच्या आकड्यांवरून १९०७ साली जाहीर वाद झाला. अमोनिया किती टक्के मिळणार, एवढ्याशा आकड्यावर! पण त्या आकड्यावर सारे अवलंबून होते. तो अगदीच नगण्य असेल तर कारखाना उभारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे.

हाबर यांनी आकडे पुन्हा मोजले आणि मार्ग काढला. दाब वाढवला की समतोलाचे तापमान वर सरकते, कारण चार भागांचे दोन होण्याकडे अभिक्रिया ढकलली जाते. १९०९ साली त्यांनी आपल्या छोट्या यंत्रातून अमोनियाचे थेंब पडताना दाखवले. १९१३ साली कार्ल बॉश यांच्या खटपटीने ओपाउ येथे कारखाना सुरू झाला. आजही शेकडो वातावरणांचा दाब, लोखंडी उत्प्रेरक, तयार झालेला अमोनिया थंड करून काढून घेणे आणि उरलेला वायू पुन्हा आत फिरवणे, अशीच ती पद्धत चालते. ट्रॉम्बे येथे आणि अलिबागजवळ थळ येथे खताचे जे कारखाने आहेत, त्यांच्या युरियाचे मूळ याच अमोनियात आहे. आपल्या गावच्या शेतकऱ्याच्या खांद्यावरची युरियाची गोणी म्हणजे ९२.२ आणि १९८.७ यांच्यातील भांडणाचा निकाल आहे. त्याच हाबर यांनी १९१५ साली युद्धात विषारी वायूचा वापर करवला, हेही विद्यार्थ्यांनी विसरू नये. ज्या हाताला हिशेब येतो तो कोणाच्या बाजूने मांडायचा, हा वेगळाच धडा आहे आणि तो कोष्टकात सापडत नाही.

काही अभिक्रियांना समतोलाचे असे तापमान नसतेच. ऑक्सिजनच्या तीन रेणूंपासून ओझोनचे दोन रेणू करायचे तर २८५ किलोज्यूल द्यावे लागतात आणि एन्ट्रॉपीही १३७ ने घटते. दोन्ही बाजूंनी तोटा. भागाकार केला तर उत्तर उणे दोन हजार केल्व्हिनच्या पलीकडे येते. केल्व्हिन मापात उणे तापमान ठेवून घेऊन आपण काय करणार? ते उत्तर चूक नसते. 'असे तापमान नाही' हे सांगण्याची ती सूत्राची रीत आहे. आकाशात ओझोन तयार होतो तो सूर्याच्या अतिनील किरणांच्या जोरावर, नुसत्या तापमानाच्या नव्हे. याच्या उलट हिरा. हिऱ्याचे ग्रॅफाइट व्हायला दोन्ही बाजूंनी फायदा आहे, थोडासा का होईना. तरी आईच्या अंगठीतला हिरा पेन्सिलीचे शिसे होत नाही, कारण तो वेग आपल्या कित्येक पिढ्यांना पुरून उरेल इतका मंद आहे.

आता पालकांना एक विनंती. आपली बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठीतून किंवा उर्दूतून शिकतात आणि अकरावीला विज्ञान शाखेत गेली की एका उन्हाळ्यात सारी पुस्तके इंग्रजी होतात. ज्यांना घरी विचारायला कोणी नाही, ती मुले मग समजून घेण्याचा नाद सोडतात आणि सूत्रे पाठ करतात. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले की घरात चर्चा सुरू होते, 'विज्ञान आपल्याला झेपणारे नाही.' मुलींच्या बाबतीत तर ही चर्चा फार लवकर सुरू होते. मी इतकी वर्षे वर्गात पाहत आलो आहे. झेपत नाही ती भाषा, विषय नव्हे. जमाखर्च, गरीब-श्रीमंत, भट्टी, कुकर, हे सारे त्या मुलाला त्याच्या बोलीत ठाऊकच असते. तेव्हा मुलगी अभ्यासाला बसली असेल तर तिला एकदा म्हणावे, 'हे मला आपल्या भाषेत सांग.' तुम्हाला नाही कळले तरी चालेल. सांगताना ती कोठे अडते, हे तिला कळेल. मग तिला तोच भाग शिक्षकांना विचारायला पाठवा, आणि शिक्षकांनी वेळ नाही असे म्हटले तर पुन्हा पाठवा.

विद्यार्थ्यांनी काय करावे ते सांगून थांबतो. चुन्याची हकिकत अजून पुरी झालेली नाही. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो विरतो, आणि भिंतीला लावला की हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. ८३७ अंशांच्या खाली व्यवहार उलट दिशेने फायद्याचा आहे ना! नानीच्या पानदानातली चुनाळी उघडी राहिली तर वरचा थर कडक होतो, तो याचमुळे. जुन्या भिंतीचा चुना आज दगडासारखा लागतो, कारण तो पुन्हा दगडच झालेला आहे.

घरी जाऊन आणखी एक गणित करा. खाण्याचा सोडा तापवला की त्याच्या दोन मोलांपासून धुण्याचा सोडा, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. एन्थाल्पीतील वाढ १३५.६ किलोज्यूल, एन्ट्रॉपीतील वाढ ३३४.१ ज्यूल प्रति केल्व्हिन. आधी किलोज्यूलचे ज्यूल करा. उत्तर ४०० केल्व्हिनच्या थोडे वर यावे. त्यातून २७३ वजा करून सेल्सिअस काढा. मग गल्लीतल्या बेकरीत जाऊन नानखटाईची भट्टी किती अंशांवर ठेवतात ते विचारा, आणि आपले उत्तर तिच्या खाली पडते की वर, ते वहीत लिहून पुढच्या तासाला घेऊन या.